सतराव्या खाचेतला चाकू

मंगळवार, २५ मार्च २०२५. दुपारचे तीन वाजून पाच मिनिटे. लाकडी ठोकळ्यात खाचा चोवीस, चाकू चोवीस. मोजणी बरोबर भरली. मिस मेश्राम यांनी ठोकळा पोलादी कपाटात ठेवला आणि कुलूप लावले. त्या क्षणी माझ्या पात्याच्या टोकाला काळ्या पुठ्ठ्याचा एक बारीक धागा चिकटलेला होता. तो कोणाच्याही नजरेस पडला नाही.

मित्रांनो, सतराव्या खाचेत राहणारा तो चाकू म्हणजे मी. चाळिशीला टेकलेला, पोलादी मुठीचा. स्वयंपाकघराशी माझा संबंध नाही. लंडनच्या वायव्येला हॅरो नावाचा भाग आहे. तेथील एका माध्यमिक शाळेत मुलांना ग्राफिक डिझाइन शिकवतात, म्हणजे भित्तिपत्रके, अक्षरे आणि वेष्टने यांची रचना शिकवतात. त्या वर्गात मी कागद आणि पुठ्ठा कापत असे. आज मी ठोकळ्यात नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या एका नळीत मला बंद केले आहे आणि नळीवर लाल चिकटपट्टी आहे. असे का झाले ते मी क्रमाने सांगणार आहे, कारण क्रम चुकला की दोष भलत्याच्या माथी बसतो.

माझा जन्मच घाव खाऊन झाला. शेफील्डच्या कारखान्यात पोलादाची एक पट्टी साच्याखाली सरकवली गेली, वरून कित्येक टनांचा दाब आला, आणि पट्टीचा जो भाग सुटून खाली पडला तो मी होतो. मग मला लाल होईपर्यंत तापवले आणि तेलात बुडवले. मी किंचाळलो, पण कारखान्यात सगळेच किंचाळत असल्याने कोणी वळून पाहिले नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा. मी मूठ आहे. पाते माझे नव्हे. ते दर काही दिवसांनी बदलतात. बोथट झालेले पाते पकडीत धरून मोडतात आणि पत्र्याच्या डब्यात टाकतात. माझ्या तोंडात आजवर किती पाती जगली आणि मोडली याचा हिशोब माझ्यापाशी नाही. प्रत्येक नवे पाते आले की मीही नव्याने धारदार होतो, एवढेच मला ठाऊक आहे.

उमेदीची वर्षे मी लीड्स शहरातल्या एका जाहिरात कार्यालयात काढली. त्या काळी अक्षरे हाताने कापून चिकटवत. तेथील एका चित्रकाराने घाईत आपल्याच अंगठ्याचे टोक माझ्याकडून उडवले. त्याने चिंधी गुंडाळली, रक्ताचा डाग पडलेला कागद फेकला, नवा घेतला आणि जाहिरात वेळेवर दिली. माझे तेथे कौतुक होते. पुढे संगणक आले. एका शुक्रवारी माणसे हातोडे घेऊन आली, तिरपी चित्रटेबले फोडली आणि लाकडे रस्त्यावरच्या लोखंडी कचरापेटीत भरली. आम्हा चाकूंना बिस्किटांच्या डब्यात टाकून कोणीतरी विसरून गेले. त्या डब्यात मी अनेक वर्षे अंधारात गंजत होतो. अखेर डबा देणगी म्हणून हॅरोच्या शाळेत आला आणि राजश्री मेश्राम या शिक्षिकेच्या हाती पडला.

मिस मेश्राम मूळच्या नागपूरच्या. तेथील तंत्रनिकेतनात छपाईचे शिक्षण घेऊन त्या इंग्लंडला आल्या होत्या. त्यांनी मला पॅराफिनमध्ये, म्हणजे रॉकेलमध्ये, भिजत ठेवले, गंज घासून काढला आणि मुठीवर सतरा हा आकडा कोरला. चाकू हातात देण्याआधी त्या मुलांना दोन नियम पाठ करायला लावत.

पहिला नियम असा: पोलादी पट्टी नेहमी वाचवायच्या भागावर ठेवायची, टाकाऊ भागावर नाही. मग चाकू घसरला तरी तो कचऱ्यात घसरतो, कामात घसरत नाही.

दुसरा नियम त्यांच्या वर्गाबाहेर मी कोठेही पाहिलेला नाही. तास संपला की कोणीही स्वतःचा चाकू स्वतः परत ठेवायचा नाही. शेजारी बसणारा जोडीदार तो घेणार, खोलीच्या टोकापर्यंत चालत जाणार, ठोकळ्यात खोवणार आणि क्रमांक मोठ्याने सांगणार. सकाळी आणून देणाराही तोच, आणि तोही मूठ पुढे करून. कोणाला चाकू लपवायचा असेल, तर त्याला आधी आपल्या जोडीदाराला फसवावे लागेल.

हा नियम उगीच आला नव्हता. तीन वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतील एका मुलाला बसथांब्यावर भोसकले. चाकूची पाच भोके, शाळेच्या जाकिटातून आरपार. तो रुग्णवाहिकेतच गेला. त्यानंतर शाळेच्या दारात धातू ओळखणारी कमान बसली. मुख्याध्यापिकाबाई वर्गात आल्या आणि आमच्या ठोकळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "राजश्री, दारात आपण मुलांचे खिसे तपासतो आणि वर्गात तुम्ही त्यांच्या हाती ही हत्यारे देता? पालकांना मी काय सांगू?"

"सांगा की दाराबाहेर त्यांना चाकू कोणीही देईल," मिस मेश्राम म्हणाल्या. "तो कसा धरायचा आणि केव्हा खाली ठेवायचा, हे दाराच्या आतच कोणीतरी शिकवायला हवे."

"आणि काही झाले तर?"

"तर जबाबदार मी."

अशा रीतीने आम्ही राहिलो.

आता त्या दोन मुलांकडे येतो. अंशुमन आणि वीर हे दोघेही अकरावीच्या वर्गातले, म्हणजे शालान्त परीक्षेच्या वर्षातले. दोघांची घरे मराठी. एकाचे वडील नागपूरहून, दुसऱ्याचे पुण्याहून नोकरीसाठी आलेले. तीन वर्षे ते एकाच टेबलावर बसत आणि एकमेकांचे चाकू नेऊन ठेवत. इतरांना कळू नये म्हणून ते आपसांत मराठी बोलत. मिसना मराठी येते हे त्यांना ठाऊक होते, पण मिस वर्गात कधी मराठी बोलत नसत, त्यामुळे मुलांना त्याचा विसर पडे.

फेब्रुवारीच्या एका सकाळी अंशुमन मला पुठ्ठ्यावर चालवत होता. त्याचा हात नेहमी स्थिर असे. त्या दिवशी तो जास्तच जोर देत होता.

"तुझ्या आईने परवा मला सरनेम विचारलं," तो नजर न उचलता म्हणाला.

"सगळ्यांनाच विचारते. हॉबी आहे तिचा."

"सांगितल्यावर एकदम सायलेंट झाली. मग म्हणाली, बेटा, डिनर रेडी नाहीये अजून, तू निघ."

"नसेल रेडी."

"वीर, मला वास येत होता. पावभाजी होती. तू प्लेट घेऊन उभा होतास."

वीर हसायला गेला, पण ते हसू त्याला जमले नाही. "ब्रो, मी काय करू? मम आहे ती माझा."

"काही नको करूस. मी विचारलं का तुला काही?"

माझे पाते तेवढ्यात कटकन मोडले. तुकडा उडून वीरच्या चष्म्यावर आपटला. दोघेही दचकले, आणि विषय तेथेच थांबला.

मित्रांनो, त्या परिवारांच्या जगात आडनाव विचारणे हा नुसता प्रश्न नसतो. उत्तरावरून समोरचा माणूस कोणत्या जातीत जन्मला हे ताडतात, आणि मग ताट वाढायचे की नाही ते ठरते. हजारो मैल ओलांडून माणसे आली, तरी हा प्रश्न सामानात आलाच. वीरचे आडनाव मी येथे सांगणार नाही. अंशुमनचे सांगतो, कारण ते त्याने स्वतःच जगाला दाखवायचे ठरवले.

चित्रकलेच्या अंतिम परीक्षेत मुलांना दोन दिवसांत मिळून दहा तास काम करू देतात. त्या वर्षीचा विषय होता 'सीमा'. अंशुमनने टेबलभर रुंदीचा काळा पुठ्ठा घेतला आणि त्यातून देवनागरीत आपले आडनाव कापायला घेतले: गजभिये. अक्षरे ठेवायची आणि भोवतालचा पुठ्ठा काढून टाकायचा, अशी रचना होती. वर त्याने एक जाड शिरोरेषा राखली होती. चारही अक्षरे तिलाच टांगलेली, आणि रेषेची दोन टोके चौकटीत घट्ट. त्या रेषेखाली बाकी सगळे पोकळ. तळाशी इंग्रजीत, बारीक अक्षरांत एक प्रश्न: "बेटा, आडनाव काय तुझे?"

पहिल्या दिवशी, मंगळवारी, मी पाच तास त्या पुठ्ठ्यात चाललो. माझ्या साऱ्या आयुष्यात इतके नेटके काम माझ्याकडून कोणी करून घेतले नव्हते. 'भ'च्या गाठीपाशी अंशुमनने श्वास रोखून मला फिरवले. मिस मेश्राम मागून जाताना तेथे थांबल्या. परीक्षेत शिक्षकांना बोलता येत नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मग पुढे गेल्या.

तीन वाजता आवराआवर सुरू झाली आणि बोलण्याची बंदी उठली. पलीकडच्या टेबलावरची मायरा कोणाचेही गुपित पोटात न ठेवणारी मुलगी. ती पुठ्ठ्यावर वाकली, प्रश्न वाचला आणि इंग्रजीत ओरडली, "थांबा! हे तर वीरच्या ममने विचारलं होतं ना? वीर, तुझी मम फेमस झाली! पोस्टरवर आली!"

आसपासची सात-आठ मुले हसली. वीरचे कान लाल झाले.

"तू हिला सांगितलंस?" त्याने मराठीत विचारले.

"तिने विचारलं, मी सांगितलं."

"समर एक्झिबिशनला सगळे पेरेंट्स येणार. तू माझा मम वॉलवर लावणार?"

"मी तुझ्या ममचं नाव नाही टाकलेलं," अंशुमन म्हणाला. "माझं टाकलंय."

मिसनी टाळी वाजवून "चाकू!" असे पुकारले. नियमाप्रमाणे अंशुमनने मला वीरच्या हाती दिले. वीरची मूठ घामाने ओली होती. ठोकळ्याकडे जाताना मोठे कागद ठेवण्याचे रुंद खणांचे कपाट लागते. त्या कपाटावर दिवसभराची कामे आपापल्या लाकडी पाट्यांवर आडवी ठेवलेली होती. वीर तेथून गेला. त्याचा हात थांबला नाही, फक्त खाली आला. वरची चौकट, मग शिरोरेषा, मग 'ज' आणि 'भि' यांच्यामधली पोकळी. एका हिसक्यात मी हे सारे कापले. धार ताजी होती, म्हणून पुठ्ठा जागचा हललासुद्धा नाही. चार पावलांनी मी माझ्या खाचेत होतो.

"सतरा," वीर म्हणाला.

चोवीस चाकू भरले. मिसनी सगळ्या पाट्या खणांत सरकवल्या आणि कुलपे लावली.

बुधवारी सकाळी नऊ वाजता वीरने मला आणून दिले, मूठ पुढे करून. अंशुमनने घेतले, टेबलावर ठेवले आणि तो आपले काम आणायला गेला. खण उघडून त्याने पुठ्ठा पाटीवरून दोन्ही हातांनी उचलला.

उजवी बाजू खाली कलंडली. वजनाने चीर तळापर्यंत फाटत गेली. 'भि' आणि 'ये' चौकटीच्या तुकड्यासह जमिनीवर पडली आणि 'ये'ची मात्रा मोडून बाकाखाली सरकली.

परीक्षेची शांतता होती. बावीस मुले मान खाली घालून काम करत होती. अंशुमन उरलेला अर्धा पुठ्ठा हातात धरून टेबलाशी आला आणि वीरसमोर उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "तू?"

"प्रूव्ह कर," वीर म्हणाला. त्याने आपला चाकू खाली ठेवला. मग तो पुढचे बोलला. "चिल ना. एवढा मोठा सरनेम घेऊन काय करतोस? हाफमध्ये भागव."

पहिला ठोसा नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखतो. वीर खुर्चीसकट मागे कोसळला आणि त्याच्या डोक्याने मागचे टेबल उलथवले. काळ्या शाईची बाटली फुटली. मायरा किंचाळली. वीर उठला तो शाईने माखलेला. नाकातून रक्त वाहत होते, आणि आता त्यालाही काही दिसत नव्हते. त्याने अंशुमनचे केस धरले आणि त्याचे डोके कपाटाच्या कडेवर आपटले. एकदा, मग पुन्हा. कपाळाची कातडी फाटली. अंशुमनने गुडघा वर घातला. दोघेही आमच्या टेबलावर पडले, आणि पोलादी पट्ट्या, डिंक, कात्र्या सगळे खाली उधळले. "स्टॉप! दोघेही, स्टॉप!" असे ओरडत मिस मेश्राम बाके बाजूला सारत येत होत्या. वीरने अंशुमनचा गळा दाबला होता. अंशुमनचा उजवा हात टेबलावर काहीतरी शोधत होता.

त्याला मी सापडलो.

मित्रांनो, त्या मुलाच्या बोटांची धरण्याची रीत तीन वर्षांपासून ओळखीची होती. अंगठा, तर्जनी, मधले बोट, लेखणीसारखी हलकी. त्या क्षणी त्याने मला पूर्ण मुठीत घेतले, पाते खाली करून, भोसकण्यासाठी धरतात तसे. हात वर गेला. तो खाली येऊ लागला तेव्हा माझ्यासमोर वीरची मान होती. डाव्या बाजूला, कानाखाली, शाई आणि रक्त यांच्यामध्ये एक शीर उडत होती. मला थांबता येत नाही. मला ज्या दिशेने नेतात त्या दिशेने मी जातो.

मी मांसात शिरलो. पण ते मांस मानेचे नव्हते.

मिस मेश्राम यांनी आपली उजवी मूठ माझ्या पात्यावर मिटली होती. करंगळी आणि अनामिका यांच्या मुळाशी मी हाडाला टेकलो. त्यांनी आवाज केला नाही. बोटांमधून रक्त धारेने मनगटावर आणि तेथून वीरच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले. अंशुमनने रक्त पाहिले, मग हात कोणाचा आहे ते पाहिले, आणि त्याची पकड सुटली. त्याने मला मागे ओढले नाही. त्याने मला सोडले.

"मिस," तो म्हणाला. "मिस, मिस, मिस."

"खाली बस," मिस मेश्राम म्हणाल्या, आणि त्या वर्गात प्रथमच मराठीत बोलल्या. "दोघंही खाली बसा. मायरा, कॉल फॉर हेल्प. बाकी कोणी हलायचं नाही."

नंतर पोलीस आले. मिसनी तक्रार द्यायला नकार दिला. पोलिसांनी माझी छायाचित्रे घेतली, मला या नळीत घातले आणि शाळेच्या तिजोरीत ठेवायला दिले. मुख्याध्यापिकाबाईंनी अंशुमनला शाळेतून कायमचे काढून टाकले. इंग्लंडमध्ये असा निर्णय शाळेच्या व्यवस्थापकांपैकी तिघांच्या समितीपुढे जातो. त्या तिघांनी मान्यता दिली, तर अंशुमनची शाळा सुटणार, परीक्षेचे उरलेले पाच तास जाणार, आणि चाकूहल्ल्यासाठी काढलेला मुलगा ही नोंद त्याच्या नावापुढे कायमची राहणार होती.

सुनावणीच्या दिवशी मला नळीसकट टेबलाच्या मधोमध ठेवले. एका बाजूला अंशुमन, कपाळावर टाक्यांची रेघ, आणि त्याचे वडील हरिदास गजभिये. दुसऱ्या बाजूला नाकावर पट्टी लावलेला वीर आणि त्याची आई मनीषाबाई. मिस मेश्राम यांचा उजवा हात पंजापासून कोपरापर्यंत आधारपट्टीत होता.

मुख्याध्यापिकाबाईंचे म्हणणे सरळ होते. "अंशुमन सांगतो की त्याचे काम कोणीतरी कापले. पण मंगळवारी चोवीसही चाकू मोजून कपाटात गेले. खोलीला कुलूप होते. खणांना कुलूप होते. म्हणजे कापायला कोणाकडेच काही नव्हते. इतका नाजूक पुठ्ठा उचलताना फाटला असेल. त्याचा राग या मुलाने मित्राच्या मानेवर काढला."

मोजणी बरोबर होती. तीच आता अंशुमनच्या विरुद्ध साक्ष देत होती.

हरिदास उभे राहिले. ते संगणक क्षेत्रातले, मोजके बोलणारे गृहस्थ. "माझ्या मुलाने हत्यार उचलले. ते चूकच आहे, मी त्याची सफाई देणार नाही. पण तो खोटे बोलत नाही, एवढे लिहून घ्या."

"म्हणजे माझा मुलगा खोटं बोलतो?" मनीषाबाई मराठीत उसळल्या. "अहो गजभिये, तुमच्या मुलाने वीरच्या मानेवर चाकू आणला. आता कृपा करून जातीचं, आडनावाचं काढू नका."

"मी काढलेलं नाही, ताई," हरिदास म्हणाले. "तुम्ही काढलं होतं."

"इंग्रजीत बोला," समितीच्या अध्यक्षबाईंनी टेबलावर बोट वाजवले.

मग मिस मेश्राम यांची पाळी आली. समितीतील एका गृहस्थांनी विचारले, "तुम्ही मध्ये आला नसता तर त्याने मारले असते?"

"हो," मिस म्हणाल्या. हरिदासांनी डोळे मिटले. "तो मारायलाच निघाला होता. मी त्याच्या हाताचा वेग पाहिला. त्याबद्दल मी गोड बोलणार नाही. पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी माझी जखम मला दाखवली. ती खोल आहे, लांब नाही. पाते ओढले असते तर चारही बोटे गेली असती. त्याने मला पाहिले आणि चाकू सोडला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुम्हाला दोन्ही तोलाव्या लागतील."

"आणि पुठ्ठा?"

"त्याबद्दल मला वीरला एक प्रश्न विचारायचा आहे."

अध्यक्षबाईंनी मान हलवली.

"वीर, मंगळवारी अंशुमनचा चाकू परत कोणी ठेवला?"

"मी, मिस."

"टेबलापासून ठोकळ्यापर्यंत तू कोठून गेलास?"

तो माझ्याकडे पाहत होता. मनीषाबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "वीर, तुला आन्सर द्यायची गरज नाही. गप्प बस."

"मम, स्टॉप."

"मी तुझ्यासाठीच..."

"मम, प्लीज! मिसची दोन बोटं बेंड होत नाहीत." त्याचा आवाज फाटला. मग तो इंग्रजीत, अध्यक्षबाईंकडे वळून बोलला. "मी कपाटावरून गेलो. चाकू माझ्या हातात होता. मी एकदा खाली ओढला. नंतर खाचेत ठेवला आणि नंबर सांगितला. मला वाटले तो टेप लावेल. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो की अर्धे आडनाव पुरे. मला माहीत होते ते त्याला कुठे लागेल. म्हणून तर म्हणालो."

मनीषाबाईंनी हात मागे घेतला. खोलीत कोणीच कोणाकडे पाहत नव्हते.

"त्याच्या घरून मला कधी कोणी परत पाठवले नाही," वीर पुढे म्हणाला. "माझ्या घरून त्याला पाठवले. मी तिथेच उभा होतो, आणि मी काही बोललो नाही."

अंशुमन खाली पाहत होता. त्याचे आसू टेबलावर पडत होते आणि तो बाहीने पुसत होता. "मी तुला मारून टाकणार होतो, वीर," तो मराठीत म्हणाला. "खरंच टाकणार होतो."

"आय नो."

या वेळी अध्यक्षबाईंनी इंग्रजीची आठवण करून दिली नाही.

मित्रांनो, समिती शेजारच्या खोलीत गेली, आणि मला मात्र येथेच ठेवले. मला पुन्हा वर्गात नेणार की भट्टीत वितळवणार, हे आज ठरणार नाही, आणि त्याबद्दल मी काही मागतही नाही. मागणे दुसरेच आहे. माझ्यासारख्या हत्याराला तेल लावा, गंजू देऊ नका, धार गेली की पाते बदला, एवढे तर कोणीही सांगेल. पण ज्याच्या हाती मला द्याल त्या माणसाचीही तितकीच निगा राखा. त्याचा अपमान तुमच्या डोळ्यांदेखत होत असेल, तर त्याच वेळी तोंड उघडा. ती वेळ टळली की राग साठत जातो, आणि साठलेला राग हाताला जे सापडेल ते उचलतो. त्या दिवशी त्याला मी सापडलो. मी कोणाच्या बाजूचा नाही. माझी धार शिक्षिकेच्या तळव्याला ओळखत नाही आणि मित्राच्या मानेलाही नाही.

चाळीस मिनिटांनी तिघे परत आले. वीरच्या कृत्याची चौकशी स्वतंत्रपणे होईल, असे अध्यक्षबाईंनी आधी सांगितले. मग त्यांनी कागद वाचला.

अंशुमन गजभिये याला शाळेत परत घ्यावे: दोन मते. घेऊ नये: एक.